एक जूनची माणसं

"गुरुजी, तुमचा खरा वाढदिवस कधी असतो?"

हा प्रश्न माझा नव्हता, हे आधीच सांगून टाकते. रेणुका आणि केतकीनं पैज लावली होती. भर मंडपात, माईकवर, सगळ्या गावादेखत मी हे विचारलं तर शाळा उघडल्यावर महिनाभर माझ्या पाळीचा वर्ग त्या दोघी झाडणार होत्या. मी तर पंधरा दिवसांवरसुद्धा तयार झाले असते. पण त्यांना तसं कळू द्यायचं नसतं.

आमचं गाव आखाडा बाळापूरपासून सात किलोमीटर आत आहे. आमच्या गावात बाया वर्षभर बाळंत होतात, पण लेकरं मात्र एक जूनलाच जन्मतात. हसू नका. माझे वडील एक जूनचे. माझी माय एक जूनची. शेजारचे भिवाजीकाका, त्यांच्या तिन्ही सुना, पिठाच्या गिरणीवाला, तंटामुक्तीचा अध्यक्ष, सगळे एक जून. मीसुद्धा. त्या दिवशी सकाळी मोबाईल उघडला की कुणी कुणाला शुभेच्छा द्यायच्या हेच समजत नाही. सगळे सगळ्यांना केकचं चित्र पाठवतात आणि खरा केक कुणीच आणत नाही.

यातले बरेचसे वाढदिवस एकाच माणसानं वाटलेले आहेत, बाकीचे त्याच्याआधीच्या नाहीतर दुसऱ्या गावच्या गुरुजींनी. संतराम गुरुजींनी. त्यांची सगळी नोकरी आमच्याच शाळेत गेली. आमची शाळा पहिली ते दहावी आहे. दर वर्षी मे महिन्यात गुरुजी वही घेऊन घरोघर फिरायचे आणि लेकरांची नावं लिहून न्यायचे. नावाच्या पुढे जन्मतारखेचा रकाना असतो. शाळा जूनमध्ये उघडते, तोवर सहा वर्षं पूर्ण दिसली पाहिजेत. मग गुरुजी डोकं कशाला शिणवतील? एक जून लिहायचं आणि मागचं सहावं वर्ष टाकायचं. झालं लेकरू जन्माला.

माझ्या वेळेला तर त्याहून भारी काम झालं. त्या वर्षी शाळेचा पट कमी पडत होता. पट कमी पडला की एका शिक्षकाची बदली होते. म्हणून गुरुजींनी चार-पाच वर्षांची अकरा लेकरं गोळा केली आणि अकरा जणांना एकाच दिवशी, एकाच साली जन्माला घातलं. मी त्या अकरातली एक. पावणेपाच वर्षांची होते आणि कागदावर सहा पूर्ण. पहिल्या दिवशी मी वर्गात झोपले आणि गुरुजींनी मला पोत्यावर उचलून ठेवलं, हे आमच्याकडे कौतुकानं सांगतात.

कौतुक मलाही वाटत होतं, मागच्या वर्षीपर्यंत. मागच्या वर्षी आमच्या शाळेचा कबड्डीचा संघ तालुक्याला जिंकला. चौदा वर्षांखालच्या मुलींचा संघ, आणि मी त्यात पहिली चढाई करणारी. त्याआधी मी चारचौघांत तोंड उघडत नव्हते. कबड्डी कबड्डी म्हणत समोरच्या सात जणींच्या अंगावर एकटीनं जायला लागले, तेव्हा कळलं की आपला दम किती लांब आहे. मग वक्तृत्व स्पर्धेत पण नाव दिलं आणि तिथेही नंबर आणला. आता गप्प बस म्हणून मायला मला दिवसातून दहा वेळा सांगावं लागतं.

जिल्ह्याला गेलो तर तिथल्या सरांनी कागद तपासले आणि माझं नाव खोडलं. कागदावर मी चौदाच्या वर होते. खरं तर मला तेरावं नुकतंच संपत होतं. म्हणजे माझ्यापेक्षा सहा महिन्यांनी मोठी पोरगी खेळली आणि मी बाहेर बसून तिला पाणी दिलं. आम्ही पहिल्याच सामन्यात हरलो. परत येताना जीपमध्ये कुणी माझ्याकडे बघत नव्हतं, जणू काही मीच चोरी केली.

त्या दिवशी मी आमच्या मुख्याध्यापकांना विचारलं की ही तारीख बदलता येते का. ते म्हणाले, येते, पण दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरायच्या आधी. जन्माचा दाखला, अर्ज, पालकाची सही, मग प्रस्ताव वर जाणार. एकदा बोर्डाच्या कागदावर तारीख छापली की ती जन्मभराची. आणि वर हेही म्हणाले, की खरी तारीख लावली तर दहावीच्या मानानं तू लहान भरशील, वरून विचारणा झाली तर एखादेवेळी परत नववीत बसवावं लागेल. तेव्हा विचार करून ये.

मी घरी येऊन वडिलांना सांगितलं. अप्पा म्हणाले, बघू. आमच्याकडे 'बघू' म्हणजे न्हाई.

आता मी दहावीत जाणार होते. आणि एक जून आला.

यंदा संतराम गुरुजी निवृत्त झाले. एक जूनचा माणूस एकतीस मेला निवृत्त होतो, म्हणजे लहानपणी त्यांनाही कुणीतरी तीच तारीख वाटलेली. मग सोमेश्वरदादाच्या अंगात आलं. सोमेश्वरदादा म्हणजे आमच्या गावचे पुढारी. मागे चालणारं कुणी नसलं तरी हे पुढारीच. त्यांना जिल्हा परिषदेवर जायचं आहे आणि त्यांचाही वाढदिवस एक जूनच. त्यांनी कुठूनतरी शोधून काढलं की एक जूनला जागतिक दूध दिन असतो. आणखी शोधलं तर जागतिक पालक दिनही त्याच दिवशी निघाला. झालं. एका मंडपात सगळं उरकायचं ठरलं.

मारुतीच्या देवळासमोर फ्लेक्स लागला. वर लिहिलेलं: जागतिक दूध दिन, जागतिक पालक दिन, संतराम गुरुजी सेवापूर्ती गौरव व सामूहिक वाढदिवस भव्य सोहळा. मधोमध गॉगल घातलेले सोमेश्वरदादा, म्हशीएवढे. भोवती आम्ही त्रेसष्ट जण, तिकिटाएवढे. आमचे फोटो आधार कार्डावरून घेतले होते, त्यामुळे सगळे जण पोलिसांनी आत्ताच पकडून आणल्यासारखे दिसत होते. मायनं आपला फोटो शोधून शोधून शेवटी भिवाजीकाकांचाच फोटो आपला समजून घेतला.

असल्या दिवसांचा मला आधीपासूनच तिटकारा आहे. शाळेत पंधरा ऑक्टोबरला हात धुवा दिन असतो आणि त्याच दिवशी वाचन प्रेरणा दिन. मग आमच्या बाई आधी सगळ्यांचे हात धुऊन घेतात, त्याचा फोटो काढतात, आणि लगेच त्याच ओल्या हातात पुस्तकं देतात, त्याचा फोटो काढतात. चौदा नोव्हेंबरला बालदिन म्हणून आम्हाला पेढा देतात. आणि जागतिक मधुमेह दिन म्हणून साखरेचे तोटे सांगणारं भाषण त्याच पेढ्यावर ऐकवतात. दिवस जसजसे वाढत चाललेत तसतशी एक तारीख तीन तीन जणांना वाटून द्यावी लागते. पण निदान ते दिवस खरे तरी असतात. आमचा एक जून कुणाचाच नाही.

तर सोहळा. अकरा वाजता सुरू होणार होता, साडेबाराला झाला. ऊन असं की मंडपाचं कापड तापून वास येत होता. गावात दोनशे म्हशी आहेत, पण त्यांचं दूध पहाटेच डेअरीच्या कॅनमधून निघून जातं. म्हणून दूध दिनासाठी बाळापूरहून पिशव्या आणल्या होत्या. त्या पिशव्यांसोबत दादांनी फोटो काढले. पिशवी वर, पिशवी खाली, पिशवी हृदयाशी.

मग पालक दिन. आता हा भाग लिहिताना मला अजून राग येतो. दादांनी ठरवलं की दोन्ही दिवस एकत्र साजरे करायचे, म्हणून लेकरांनी आईबापाचे पाय दुधानं धुवायचे. दहा आईबाप ओळीनं खुर्च्यांवर बसवले, खाली पराती. त्यात माझे अप्पा आणि माय. मी फ्रीजमधलं गार दूध त्यांच्या पायांवर ओतलं. अप्पांच्या टाचांच्या भेगांतून ते आत गेलं तेव्हा त्यांनी हळूच पाय ओढून घेतला. माय खाली वाकली आणि माझ्या कानात म्हणाली की एवढ्या दुधाची खीर झाली असती गं सगळ्या गावाला. शेजारच्या परातीत कुत्र्यानं तोंड घातलं. त्या दिवसात शहाणं वागलेलं तेवढं एकच कुणी.

त्यानंतर गुरुजींचा सत्कार. फेटा, शाल, नारळ. दादा बोलले, सरपंच बोलले, मग आणखी एक जण बोलले आणि सगळ्यांनी एकच गोष्ट सांगितली, की गुरुजी नसते तर आपण कोण असतो. मग माझं नाव पुकारलं. विद्यार्थ्यांतर्फे दोन शब्द, कुमारी शिवकन्या रामकिशन. मी भाषण लिहून नेलं होतं. पहिली चार वाक्यं गोड होती. मग मी रेणुकाकडे बघितलं. ती तोंडावर ओढणी धरून बसली होती. मी गुरुजींकडे वळले आणि तो प्रश्न विचारला.

लोक हसले. बरं झालं हसले. गुरुजीही हसले. ते गोरेगोमटे, ढेरीवाले, हसले की छान दिसतात. त्यांनी माईक मागून घेतला आणि सांगितलं की माझी खरी तारीख मलाच ठाव न्हाई, आईला विचारलं तर ती म्हणायची ज्या साली विहिरीला पाणी लागलं त्या सालचा तू. लोक आणखी हसले. मग गुरुजी म्हणाले की मी ह्या गावाला नुसत्या तारखा न्हाई दिल्या, शाळा दिली. त्या वर्षी हे अकरा लेकरं पटावर घेतले नसते तर आपल्या शाळेचा एक मास्तर गेला असता, मग दुसरा गेला असता, आणि ही शिवकन्या आज माईकवर उभी राहायच्या ऐवजी बाळापूरच्या रस्त्यानं सात किलोमीटर चालत राहिली असती. न्हाईतर घरी बसली असती.

टाळ्या पडल्या. आणि खरं सांगते, ते बोलणं खोटं नव्हतं. मलाही क्षणभर वाटलं की आता आपण खाली उतरावं. पैज तर जिंकलीच होती.

पण माझ्या डोक्यात पुनमताई आली. पुनमताई म्हणजे गुरुजींची मुलगी. नांदेडला नर्सिंग शिकते. तिचा वाढदिवस मला पाठ आहे, कारण दर वर्षी ती केकचे पंचवीस फोटो टाकते. मी परत गुरुजींच्या हातातल्या माईकजवळ तोंड नेलं. हा प्रश्न कुणी पैजेवर दिलेला नव्हता.

"मग पुनमताईचा चौदा नोव्हेंबरला कसा?"

मंडपात कुणी हसलं नाही. गुरुजींनी फेटा सावरला. त्यांना वाईट वाटलं असावं, कारण ते एकदम बारीक आवाजात बोलले. माईक होता म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं.

"तिची तारीख मला ठाव होती, पोरी."

"माझी बी कुणाला तरी ठाव असंल की."

"व्हय. म्हणून तर मी विचारलं होतं. तू ह्याच्या मांडीवर बसलेली होती." त्यांनी अप्पांकडे बोट केलं. "मी म्हणलं, रामकिशन, पोरीची तारीख सांग. हा म्हणला, लिहा गुरुजी काई बी. पोरीला तारीख काय करायची हाय."

अप्पा अजून त्याच खुर्चीवर होते, दुधाचे पाय वाळत होते, त्यावर माश्या बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. सोमेश्वरदादांनी झटकन माईक घेतला आणि केक कापायला सगळ्यांना बोलावलं. केकवर त्रेसष्ट नावं मावली नव्हती, म्हणून फक्त दादांचं लिहिलं होतं.

मी केक खाल्ला नाही. रेणुका म्हणाली, महिना न्हाई, दोन महिने झाडू आमी. मला ते ऐकून आनंद व्हायला पाहिजे होता.

घरी येईपर्यंत अप्पा माझ्या पुढे दहा पावलं चालत होते. घरात शिरल्यावर त्यांनी बोलायला सुरुवात केली आणि थांबेचनात. गावात नाक कापलं. गुरुजीसारख्या माणसाला भर सभेत उघडं पाडलं. त्यांच्या पेन्शनचे कागद अजून ऑफिसात पडलेत, कुणी अर्ज केला तर त्यांना बोलावतील, विचारतील, म्हातारपणी तकलीफ. आणि एवढं कशापायी? चार महिने इकडंतिकडं झाले म्हणून?

मी म्हटलं, चार महिने न्हाई, सव्वा वर्ष. आणि मी विचारलं की तुमी खरंच तसं म्हणाले होते का.

अप्पा म्हणाले की तवा सगळेच म्हणत होते. त्यात काय एवढं. तारीख कुणाला ठाव असती?

"मला ठाव हाय," माय म्हणाली.

ती चुलीपुढे बसली होती. ती उठली, कपाटाच्या वरच्या फळीवरची पत्र्याची पेटी काढली. त्यात लग्नातली साडी, बँकेचं पासबुक आणि एक प्लास्टिकची पिशवी होती. पिशवीत माझं डोसाचं कार्ड, लहानपणी लस टोचल्याचं. पिवळं पडलेलं, कडेला उंदरानं कुरतडलेलं, पण तारीख शाबूत. आठ सप्टेंबर. खाली सरकारी दवाखान्याचा शिक्का.

मायनं सांगितलं की त्या दिवशी पोळा होता. अप्पा बैलांच्या शिंगांना रंग लावत होते, दवाखान्यात त्यांना यायला संध्याकाळ झाली. येताना शिंगाचा हिरवा रंग बोटाला तसाच होता आणि त्याच बोटानं त्यांनी माझ्या गालाला हात लावला. नर्स ओरडली. अप्पा ऐकता ऐकता आपल्या बोटाकडे बघत होते.

मी मायला विचारलं, मग तू गुरुजींना काहून न्हाई सांगितली?

"मला विचारलं कुणी?" ती म्हणाली. "मी आत चहा करत होते."

मी मोबाईल काढला आणि आठ सप्टेंबर शोधला. सवयच आहे. आठ सप्टेंबर म्हणजे आंतरराष्ट्रीय साक्षरता दिन. मी मोठ्यानं वाचून दाखवलं. मी साक्षरता दिनाला जन्मले, आणि माझ्या तारखेसाठी एक गुरुजी आणि एक बाप मिळून एक ओळ बराबर लिहू शकले नाहीत. मला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं. माय पण हसली. अप्पा हसले नाहीत. त्यांनी कार्ड हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि परत पिशवीत ठेवायला लागले. जसं काही ते आता मिटलं.

मी पिशवी त्यांच्या हातातून घेतली.

अप्पांचा आवाज खाली आला. राग संपला की ते असेच बोलतात, समजावल्यासारखे. त्यांचं म्हणणं होतं की पोरी, वर्ष जाईल. सगळ्या मैत्रिणी पुढे जातील आणि तू परत नववीत बसशील. लोक म्हणतील नापास झाली. कोण कोण विचारंल, कुणाकुणाला सांगत फिरशील की नापास न्हाई म्हणून? एका तारखेसाठी?

हे मात्र त्यांनी बरोबर ओळखलं होतं. मला रेणुका आणि केतकी दहावीच्या वर्गात बसलेल्या दिसल्या, आणि मी खाली, नववीच्या बाकावर, माझ्याहून बुटक्या पोरींमध्ये. शाळेत सगळे मला विचारतील. सोमेश्वरदादा तर मुद्दाम विचारतील. संतराम गुरुजी रस्त्यात भेटतील आणि काहीच विचारणार नाहीत, ते सगळ्यात वाईट. मी तिथंच पेटीवर बसले. माय चुलीकडे वळली होती, पण भाकरी थापायची थांबली होती.

मग मी उठले. जिल्ह्याच्या मैदानावर रेषेबाहेर बसून पाणी दिलं होतं, त्या दिवशी मी रडले होते आणि कुणाला सांगितलं नव्हतं. परत तसं बसायचं नव्हतं.

"अप्पा, माय, दोघं ऐका," मी म्हणाले. "उद्या सकाळी मी ग्रामपंचायतीत जाऊन जन्माचा दाखला काढणार. शाळा उघडली की पहिल्याच दिवशी दुरुस्तीचा अर्ज देणार. नववीत बसवलं तर बसेन, आणि जो विचारील त्याला सांगेन काहून बसले ते. गुरुजींना बोलावलं तर त्यांनी आज मंडपात सांगितलं तेच तिथं सांगावं. आणि अर्जावर पालकाची सही लागते. अप्पा, ती मी तुमाला मागणार न्हाई. ती माय करील."